मदत हवी आहे: व्हिएन्नाच्या परिषदेसाठी विद्यार्थिनीच्या तिकिटाचे पैसे आगाऊ कुठून मिळतील?

मी बेळगावात भूविज्ञान शिकवतो. खानापूर तालुक्यातल्या, शेतमजूर घरातल्या आमच्या एका एमएस्सीच्या मुलीचं संशोधन मांडणारं पोस्टर युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या व्हिएन्नातल्या वार्षिक सभेसाठी स्वीकारलं गेलंय. विषय कणकुंबीकडच्या जांभ्या पठारावरचे झरे, म्हणजे मलप्रभेच्या उगमाचाच परिसर.

पासपोर्ट आहे, नोंदणी शुल्काची सोय झाली. अडलंय विमानभाडं आणि राहण्यापाशी. कॉलेज पैसे देतं, पण परत आल्यावर, बिलं बघून. आधी घालायला घरात काही नाही. महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टने तिथला रहिवासी दाखला मागितला. तो आम्हा सीमाभागातल्यांकडे कुठून येणार? ऑनलाइन सहभागी होता येतं, पण पोस्टरसमोर उभं राहून प्रश्न झेलणं निराळंच, म्हणून तो पर्याय शेवटचा.

ऑस्ट्रियासाठी लागणाऱ्या शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक) व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा जमेल. मात्र खर्चाची ऐपतही दाखवावी लागते, आणि वडिलांच्या खात्यात ती दिसत नाही.

कर्नाटकचा दाखला चालवून घेऊन आगाऊ रक्कम देणारी संस्था कुणाला माहीत आहे का? आणि व्हिसासाठी कॉलेजचं किंवा ट्रस्टचं हमीपत्र पुरल्याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?