आधी नर की मादी ते बघून घ्या
जिन्याखाली खोक्यात सापडलेल्या गिनीपिगला घर शोधताय हे छानच, पण ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी तो नर आहे की मादी ते डॉक्टरकडून बघून घ्या, आणि डॉक्टरही ससे-पक्षी बघणारा शोधा कारण कुत्र्यांना सर्रास देतात ती अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक औषधं पोटात गेली तर ह्यांच्या जिवावर बेततं. दुकानात नर-मादी बरेचदा एकाच पिंजऱ्यात कोंबलेले असतात, त्यामुळे मादी असेल तर गाभण असू शकते. साधारण ६० ते ७० दिवस भरतात आणि पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगभर केसांसकट येतात, म्हणजे एक द्यायला काढला नि घरात चार झाले!

इथे कॉमेंटमध्ये एकांनी "माझ्या सशाबरोबर ठेवतो" म्हटलंय, तसं नका करू. सशाची लाथ बसते ते वेगळंच, पण सशाला काही न करणारे श्वासाचे जंतू गिनीपिगला आजारी पाडतात. एकटा पण नको, आधीच एक गिनीपिग असलेलं घर मिळालं तर उत्तम.

घ्यायला येईल त्याला सरळ विचारा, खायला काय घालणार? "गाजर, बिस्कीट" म्हणाला तर नमस्कार. सुकं गवत दिवसरात्र समोर लागतं, दात सारखे वाढतात ना, आणि सी व्हिटॅमिन आपल्यासारखंच त्यांच्याही अंगात तयार होत नाही म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड. उन्हाळ्यात पत्र्याखालची बाल्कनी तर बिलकूल नको. आणि मुलाच्या बर्थडेचं गिफ्ट म्हणून कोणी मागितला तर मी तरी देणार नाही, ५-७ वर्षं जगतो तो.