दोन यागी जोडताना आधी काय पाहावे : इम्पीडन्सची जुळणी की फेज?

गच्ची_१४५ (धागाकर्ता)

कोथरूडमधल्या गच्चीवरून १४५ मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ बँडवर महाबळेश्वरकडचे केंद्र ऐकायचे म्हटले की सिंहगडाची रांग आडवी येते आणि एका यागीवर (एकाच दिशेने ऐकणाऱ्या, अनेक दांड्यांच्या अँटेनावर) आवाज खरखरीत बुडून जातो. मग पहिलीच्या वर दुसरी यागी चढवली जाते आणि दोन्ही केबली टी-कनेक्टरने थेट जोडल्या जातात. माझे मत असे आहे की इम्पीडन्सची, म्हणजे अँटेना, केबल आणि रेडिओ यांच्या ओहममधल्या विद्युत विरोधाची, जुळणी केल्याशिवाय दुसरी अँटेना चढवूच नये.

५० ओहमच्या दोन अँटेना समांतर आल्या की २५ ओहम उरतात आणि ट्रान्सीव्हरला, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या रेडिओला, एसडब्ल्यूआर २ दिसतो (हे जुळणी बिघडल्याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी). उपाय पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या ७५ ओहमच्या टीव्ही केबलमध्येच आहे. या केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा ५० ओहमचे ११२.५ ओहम करतो, कारण ७५ च्या वर्गाला ५० ने भागले की तेवढेच येतात. असे दोन तुकडे टी-पाशी समांतर जोडले की ५६.२५ ओहम, म्हणजे एसडब्ल्यूआर अवघा १.१३.

तुकड्याची लांबी मात्र डोळे झाकून कापू नये. केबलमधला भराव घन पॉलिथीनचा असेल तर वेगगुणक (केबलमधला तरंगाचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) ०.६६ धरून लांबी ३४ सेंटिमीटर येते. भराव फेसाळ असेल आणि गुणक ०.८२ असेल, तर तीच ४२ सेंटिमीटरवर जाते. मी तुकडा थोडा लांब ठेवतो, त्याचे एक टोक नॅनोव्हीएनए या छोट्या मापकाला लावून दुसरे उघडे सोडतो आणि ब्लेडने दोन-दोन मिलिमीटर कापत जातो. पाव तरंगलांबीचे टोक उघडे असले की दुसऱ्या टोकाला जवळजवळ शॉर्ट दिसतो. मापकाच्या आलेखावरची ती खोच बरोबर १४५ वर आली की हात थांबवायचा.

धायरी_केंद्र

गणित बरोबर आहे, पण त्याला दिलेले महत्त्व मला मान्य नाही. एसडब्ल्यूआर २ असताना सुमारे ११ टक्के शक्ती परत येते, म्हणजे तोटा अर्ध्या डेसिबलचा. दुसऱ्या अँटेनाने मिळू शकणारा फायदा जास्तीत जास्त ३ डेसिबलचा आहे आणि तो संपूर्णपणे फेजवर, म्हणजे दोन्हींच्या लाटा एकाच वेळी चढतात-उतरतात का यावर, अवलंबून आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या दोन यागींना प्रत्येकी चार मीटरच्या ५० ओहम केबली होत्या, खाली आपण सांगता तसेच ७५ ओहमचे तुकडे होते आणि मीटर १.२ दाखवत होता. तरीही समोरचे केंद्र एका यागीपेक्षा क्षीण ऐकू येत होते. दोन महिने मी कनेक्टर पुन्हा पुन्हा झाळत राहिलो. शेवटी केबली सोलून पाहिल्या, तेव्हा एकीत घन पांढरा भराव होता आणि दुसरीत बोटाने दबणारा फेसाळ. दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतल्या, बाहेरून अगदी सारख्या. ०.६६ आणि ०.८० या गुणकांमुळे चार मीटरमागे विद्युत लांबीत (संकेताला जाणवणाऱ्या लांबीत) १.०६ मीटरचा फरक पडला होता, आणि १४५ ला अर्धी तरंगलांबी १.०३ मीटर असते. समोरच्या दिशेने दोन्ही अँटेना एकमेकींना पुसत होत्या आणि मीटरला त्याचा पत्ताही नव्हता.

नारायणगाव_रस्ता

आपल्या शेजारी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथेही प्रत्येक अँटेनाच्या संकेताचा उशीर सुधारल्याशिवाय ते संकेत एकत्र करून काही हाती लागत नाही. माझे मत धायरीकरांच्या बाजूने आहे.

गच्ची_१४५

जीएमआरटीत फीडपाशीच अँप्लिफायर असतात आणि तिथून संकेत ऑप्टिकल फायबरने जातात. आपल्याकडे अँटेना आणि टी यांच्यामध्ये नुसती तांब्याची तार आहे, आणि माझा मुद्दा इथेच सुरू होतो. केबलच्या टोकाशी जुळणी असेल तरच फेज लांबीच्या प्रमाणात पुढे सरकते. टोकाला ५० ऐवजी ३० ओहम असतील, तर एकाच रिळातल्या दोन समान केबलींतूनही फेज वेगळी निघू शकते. गच्चीवर हे सर्रास घडते, कारण खालची यागी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीजवळ असते आणि वरची मोकळ्यावर. अशा वेळी शक्तीही निम्मी-निम्मी वाटली जात नाही. आपला अर्ध्या डेसिबलचा हिशेब दोन्ही अँटेना तंतोतंत सारख्या असतील तेव्हाच खरा आहे. दोन्ही केबली एकाच रिळातून कापाव्यात, हे मात्र मी पहिल्याच मजकुरात लिहायला हवे होते.

धायरी_केंद्र

शिडीचा मुद्दा मान्य आहे. पण मग जुळणी अँटेनाच्या टोकाशी मोजा, खाली रेडिओपाशी नको. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल १५ मीटरमध्ये सुमारे ३ डेसिबल खाते. वरचे टोक पूर्ण उघडे ठेवले तरी खाली एसडब्ल्यूआर ३ च दिसतो. एका पावसाळ्यानंतर माझा आकडा १.४ वरून १.१ वर आला आणि मला आनंद झाला. प्रत्यक्षात कनेक्टरमधून पाणी शिरून केबलचा तोटा वाढला होता. अशा आकड्यावर विसंबून दोन अँटेना जुळल्या असे म्हणता येणार नाही.

गच्ची_१४५

हे मान्य. येत्या उघडिपीत खालची यागी शिडीपासून दूर सरकवतो, दोन्हींचे मोजमाप खांबावर चढून वेगवेगळे घेतो आणि आधीचे-नंतरचे आकडे इथेच लिहितो.