सर्दी असताना स्कुबा: गोळी घेऊन उतरावं का?

सर्दीवर गोळी घेऊन मालवणला स्कुबा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं) करावं का, असा प्रश्न एकाने विचारलाय. कृपया करू नका. गोळीचा असर पाण्यात ओसरला तर सायनसमध्ये (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत) अडकलेली हवा वर येताना फुगते आणि भयंकर दुखतं. तारीख पुढे ढकला.

सर्दी नसली तरी कान सांभाळा. दाबातला फरक पहिल्या काही मीटरांतच जास्त जाणवतो, म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकणं पाण्याखाली जाताक्षणी सुरू करा. दुखेपर्यंत थांबू नका. कान मोकळा झाला नाही तर जोर न लावता गाईडला खूण करून थोडं वर या.

परतीचं विमान असेल तर एका डाइव्हनंतर (स्कुबाच्या बुडीनंतर) किमान १२ तास जाऊ द्या, जास्त डाइव्ह झाल्या तर १८.