सल्ला हवा: अमेरिकेतली गुलामगिरी आणि पॅसिफिक रेल्वे एका तासात कशी मांडावी?

धागाकर्ता:
अभ्यास मंडळात एक तास बोलायचं आहे, काळ १८२० ते १८६९. पश्चिमेकडचा विस्तार, गुलामगिरी, पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतची रेल्वे असे तीन भाग पाडले तर त्यांचे धागे जुळत नाहीत. सुरुवात कुठून करू? कोणते कायदे घेऊ?

प्रतिसाद १:
भाग पाडूच नका. १८५३ चा एकच नकाशा घ्या आणि सगळं त्यावर चढवा.

आधी ३६ अंश ३० मिनिटांची रेघ, म्हणजे १८२० च्या मिसूरी तडजोडीतली अक्षांशाची रेघ; तिच्या उत्तरेला नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी होती. ती फक्त लुइझियाना खरेदीच्या (१८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेल्या) मुलखातच काढा. बरेच जण ती थेट पॅसिफिकपर्यंत ओढतात आणि मग पुढचं सगळं चुकतं. मेक्सिकोकडून १८४८ मध्ये मिळालेल्या मुलखाला ती लागू नव्हती. कॅलिफोर्निया १८५० मध्ये अख्खंच्या अख्खं मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेलं, राज्य झालं.

मग रेल्वेचे पर्यायी मार्ग. मार्च १८५३ मध्ये काँग्रेसने पाहणीसाठी दीड लाख डॉलर मंजूर केले. ते काम युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांच्याकडे होतं आणि त्यांचा कल ३२ अंशांजवळच्या दक्षिणी मार्गाकडे होता. त्या मार्गाला सोयीची सपाट जमीन हिला नदीच्या दक्षिणेला, मेक्सिकोत होती. ती १ कोटी डॉलरला घेतली, तीच गॅड्सडेन खरेदी.

आता शिकागोकडून निघणारा मार्ग बघा. तो नेब्रास्कातून जाणार, पण तिथे प्रादेशिक सरकारच नव्हतं. सरकार नाही म्हणजे जमिनीची मोजणी नाही, आणि मोजणीशिवाय रेल्वेला जमीन देता येत नाही. इलिनॉयचे सिनेटर डग्लस यांना त्यासाठी दक्षिणेची मतं हवी होती, आणि त्या मतांची किंमत होती १८२० ची बंदी उठवणं. ३० मे १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा हा असा झाला. निम्मा वेळ इथेच द्या.

प्रतिसाद २:
सहमत. फक्त 'रेल्वे उत्तरेची, गुलामगिरी दक्षिणेची' असं चित्र उभं राहू देऊ नका. १८६० मध्ये देशातल्या सुमारे ३० हजार मैल रुळांपैकी ९ हजारांच्या आसपास दक्षिणेत होते, आणि तिथलं भराव घालण्याचं, खोदाईचं काम मुख्यतः गुलामांकडून करून घेतलं जाई. कंपन्या त्यांना मालकांकडून वर्षाच्या कराराने भाड्याने घेत, काही विकतही घेत. करारात अन्न-कपड्यांची जबाबदारी लिहिलेली असे; मजुरी मालकाच्या खिशात जाई. हे सांगितलं नाही तर मांडणी खोटी होईल.

प्रतिसाद ३:
१ जुलै १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याचे आकडे नीट तपासून घ्या. रेल्वे कंपन्यांना मैलामागे सपाटीवर १६,०००, डोंगरात ४८,००० आणि मधल्या पट्ट्यात ३२,००० डॉलर. हे अनुदान नव्हतं. ३० वर्षांच्या रोख्यांच्या रूपाने दिलेलं कर्ज होतं. फुकट मिळाली ती जमीन: मैलामागे दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाच तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. १८६४ मध्ये ते दुप्पट झाले. हा कायदा मंजूर होऊ शकला, कारण यादवी युद्धात फुटून गेलेल्या दक्षिणी राज्यांचे सदस्य सभागृहात नव्हते आणि उत्तरी मार्गाला अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

त्याच कायद्याचं दुसरं कलम जरूर वाचून दाखवा. त्या जमिनीवरचे मूळ रहिवासी जमातींचे हक्क सरकारने शक्य तितक्या लवकर संपवावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

धागाकर्ता:
आभार. मग १० मे १८६९, प्रोमोंटरीचा (युटातलं ठिकाण, जिथे पूर्व-पश्चिमेकडचे रूळ जुळले) सोन्याचा खिळा, शेवटी घेऊ ना?

प्रतिसाद १:
घ्या, पण दोन मिनिटंच. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या ग्रॅनाइटमधून बोगदे फोडणाऱ्या हजारो चिनी मजुरांना त्यापेक्षा जास्त वेळ द्या.