मदत हवी आहे: 'स्पिरिट'चे दोन्ही अर्थ पेलणारा मराठी शब्द

नमस्कार मंडळी. मडगावात रॉक गाण्यांचे अर्थ मराठीत उलगडणारी बैठक आहे. त्यासाठी ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' या गाण्याचं (१९७६) टिपण चाललंय, आणि गाडी एका ओळीवर अडली आहे. पाहुणा वाईन मागतो, हॉटेलचा कॅप्टन सांगतो की ते स्पिरिट इथे १९६९ पासून नाही.

वाईन आंबवलेली, स्पिरिट गाळलेलं. गोंयकाराला हे समजावायला नको: काजूचा रस नुसता आंबवून फेणी होत नाही, भट्टीवर चढवला की आधी हुर्राक, मग फेणी. त्यामुळे ही गीतकाराची चूक, असं वाटू शकतं. माझ्या मते चूक नाही. इथे स्पिरिट म्हणजे साठच्या दशकातली उमेद. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा मोठा संगीत महोत्सव झाला, ती या उमेदीची खूण; आणि डिसेंबरमध्ये अल्टामाँटच्या रॉक मैफलीत एका प्रेक्षकाला भोसकून मारलं गेलं, तिथे ती विझली. ते वर्ष उगाच आलेलं नाही.

'अर्क' जवळचा, गाळलेलाही आणि सारही, पण त्यात उमेद नाही. 'कैफ'मध्ये धुंदी आहे, पण कैफ बाटलीत भरता येत नाही. तिसरा शब्द कोणता?

दुसरं, याच गाण्याच्या सुरुवातीला येणारा 'कोलिटास'. स्पॅनिशमध्ये 'कोला' म्हणजे शेपूट, म्हणून 'कोलिटास' छोट्या शेपट्या, मेक्सिकन बोलीत गांजाच्या कळ्या. पोर्तुगीज कोशात बघू नका, तिथे 'कोला' म्हणजे डिंक. 'शेंडे' चालेल का?

कृपया अख्खी ओळ लिहून पाठवा. सुटा शब्द छान दिसतो आणि कॅप्टनच्या तोंडी बसत नाही.