मदत हवी आहे: आमच्या गावाला आलेला कोविड निधी कसा वाटावा? (ओहायो, 2022)

नमस्कार मंडळी,

थोडं पाल्हाळ होणार आहे, आधीच माफी मागते. ओहायोत वस्ती 5,000 झाली की गाव कागदोपत्री 'सिटी' होतं. आमचं गाव त्या रेषेच्या जेमतेम वर. मार्च 2021च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून (केंद्राचा कोविड मदत कायदा, इथे सगळे 'आर्पा' म्हणतात) आम्हालाही पैसे आले. ते कशावर खर्चायचे हे सुचवायला कौन्सिलने रहिवाशांची एक समिती नेमली आणि मी हौसेने त्यात नाव घातलं. वाटलं होतं, दोन मीटिंगा, कॉफी, डोनट, संपलं. आता फाईल उशाशी घेऊन झोपते.

मला कळलंय ते असं. चुकत असेन तर कान धरा. राज्यं, काउंट्या, गावं वगैरे सगळ्यांना मिळून 350 अब्ज डॉलर. त्यातले साडेएकोणीस अब्ज साधारण 50,000पेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी. ते राज्यामार्फत, लोकसंख्येच्या प्रमाणात, दोन हप्त्यांत येतात आणि गावाच्या महामारीआधीच्या बजेटच्या 75 टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. पहिला हप्ता गेल्या उन्हाळ्यात (2021) आला, दुसरा येत्या उन्हाळ्यात (2022) यायचा आहे. 31 डिसेंबर 2024पर्यंत कंत्राट करून किंवा ऑर्डर देऊन रक्कम बांधून टाकायची, 2026अखेर खर्च संपवायचा, नाहीतर पैसे परत. माझे बाबा नगरपालिकेत कारकून होते. मार्चअखेरीला निधी लॅप्स होऊ नये म्हणून रात्री अकरापर्यंत बिलं काढत बसायचे. तो प्रकार सातासमुद्रापार भेटेल असं वाटलं नव्हतं.

घोडं अडलंय ते पुढेच. या जानेवारीत (2022) ट्रेझरीचे, म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याचे, अंतिम नियम आले. त्यानुसार 1 कोटी डॉलरपर्यंत 'महामारीत गावाचा महसूल बुडाला' असं हिशोब न दाखवता धरून चालता येतं. आमचा पूर्ण निधी त्यात आरामात बसतो. गंमत म्हणजे आमचं मुख्य उत्पन्न गावाचा इन्कम टॅक्स आणि तो गेल्या वर्षी वाढलाय! पण नियम म्हणतो माना, तर कौन्सिल मानणार. फायनान्सवाल्या बाईंचं म्हणणं, असं केलं की सगळा पैसा गावाच्या नेहमीच्या कामांना, रिपोर्ट सोपा, ऑडिटची कटकट कमी.

गेल्या मीटिंगला यादीची झेरॉक्स वाटली. वरून खाली: फायर इंजिन, दोन रस्त्यांखालची गटाराची पाइप, पार्कमध्ये पिकलबॉल (टेनिससारखा खेळ) कोर्ट, पोलिसांची गाडी. शेवटची ओळ 'छोटे व्यवसाय आणि कामगार'. तिच्यापुढे आकडा नाही, नुसती आडवी रेघ.

गटाराला माझा विरोध नाही. पाणी आणि सांडपाणी कायद्यातच बसतं, आणि जोराचा पाऊस झाला की त्या दोन रस्त्यांवरची तळघरं भरतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पिकलबॉलबद्दल मात्र काही बोलत नाही, घरातच एक खेळाडू आहे.

पण हायवेलगत तीन टेबलांचं टाकोचं (मेक्सिकन खाण्याचं) दुकान आहे. 15 मार्च 2020च्या रात्री राज्यभर हॉटेलात बसून खाणं बंद झालं, तेव्हापासून ती बाई खिडकीतून पार्सल देत राहिली. पीपीपी लोनसाठी (महामारीत छोट्या धंद्यांना पगार भागवायला मिळणारं सरकारी मदतीचं कर्ज) बँकेत गेली तर तिचा सगळा हिशोब वहीत. रिकाम्या हाताने परत आली. ती वही मी पाहिलीय. एप्रिलच्या पानावर काही दिवसांपुढे फक्त तारीख.

प्रश्न असे:
1. 'बुडालेला महसूल' या खात्यात पैसे टाकले की दुकानदारांना देताच येत नाहीत का?
2. तुमच्या गावात असं अनुदान दिलं असेल तर कागदपत्रं काय मागितली?
3. या यादीवरची जाहीर सुनावणी मंगळवारी संध्याकाळी सातला, म्हणजे हॉटेलवाल्यांच्या ऐन गर्दीच्या वेळी. त्यांचं म्हणणं कसं पोचवू? मला माइकवर तीन मिनिटं आहेत.

प्रतिसाद:
1चं उत्तर: देता येतात. तुमच्या फायनान्सवाल्या बाई अर्धंच सांगतायत. 'बुडालेला महसूल' हे हिशोबाचं खातं आहे, त्यातून काय करायचं ते कौन्सिल ठरवतं. सरकार एरवी करतं ती जवळपास सगळी कामं त्यात बसतात. पेन्शन फंडात भर, जुन्या कर्जाची फेड, अडीअडचणीच्या गंगाजळीत टाकणं, ही चालत नाहीत. तेव्हा 'नियमात बसत नाही' असं कुणी म्हणालं तर कुठल्या नियमात, ते तिथेच विचारा.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत, पण ओहायोच्या घटनेत आठव्या अनुच्छेदाचं कलम 6 आहे, गावांनी खाजगी कंपन्यांना पैसा पुरवण्यावर बंधन घालणारं. गावाचा वकील ते हमखास काढेल. त्याला सुनावणीआधीच गाठा, सगळ्यांसमोर 'नाही' म्हणून बसला की मागे येणार नाही. कागदांचं म्हणाल तर आमच्याकडे 2019 आणि 2020चे टॅक्स रिटर्न मागितले. वहीवाल्यांना विक्रीकराच्या पावत्या चालवून घेतल्या, पण त्यासाठी भांडावं लागलं. आणि हो, तीन मिनिटांत 75 टक्के वगैरे सांगत बसू नका. ती रेघ दाखवा.

प्रतिसाद:
3: लेखी म्हणणं क्लार्ककडे आधी दिलं तर इतिवृत्ताला जोडतात. आमच्याकडे वाचूनही दाखवतात. पण सुनावणीच्या दिवशी दुपारी दिलं तर राहून जातं. शुक्रवारीच द्या.

धागाकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. वकिलाला ईमेल टाकली. आज पार्सल आणायला गेले तेव्हा टाकोवाल्या बाईंना लेखी म्हणण्याचं विचारलं. तिने कोरं बिलबुक ओढलं आणि तिथेच उभ्याने लिहून दिलं, मागे चार ऑर्डरी ताटकळत. स्पॅनिशमध्ये आहे. लेक शाळेत तिसरं वर्ष स्पॅनिश शिकतेय, ती आत्ता भाषांतर करत बसलीय आणि एका शब्दावर अडलीय. तो 'भाडं' आहे की 'भाडं थकलं' आहे, हे उद्या परत जाऊन विचारून येते.