पाठलागात वायरलेस कशाला, मोबाइल आहे ना?

देवळीकर: काल एकानं लिहिलं, "पोलिसांचे वायरलेस भंगारात काढा, पाठलागाला मोबाइल पुरतो." डोकंच फिरलं. माझ्या वडिलांची सारी नोकरी पोलिसांच्या वायरलेसवर झाली. फोनवर एकाशी बोलणं होते. वायरलेसचं बटन दाबलं की चॅनलवरची प्रत्येक गाडी, ठाणं, नाका एकदम ऐकते. मागची गाडी "पांढरी बोलेरो, भिडीकडे" म्हणाली की नाक्यावरचा शिपाई बॅरिकेड ओढायला लागतो. फोन लावत बसाल तर दारूची गाडी वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला. वर्ध्यात दारूबंदी, यवतमाळात दुकानं उघडी, मग पळणारा तिकडंच पळणार.

सेमाडोह: आणि नदी ओलांडली की जिल्हा बदलला, कंट्रोल म्हणजे पोलिसांचा नियंत्रण कक्ष बदलला! वर्ध्याचा निरोप यवतमाळच्या कंट्रोलमार्फत फिरून जाणार. आमच्याकडं मेळघाटात तर गाविलगडच्या डोंगराआड गेलं की नुसती खरखर. वायरलेसच्या व्हीएचएफ लहरी डोंगर भेदत नाहीत. दोघांनी एकदम बटन दाबलं तर दोघांचंही बोलणं वाया.

देवळीकर: म्हणून शिस्त लागते. आधी जागा, मग दिशा, मग गाडीचा नंबर, आणि बटन सोडायचं. तुमच्या घाटात मोबाइलला तरी रेंज असते काय?

सेमाडोह: नसते. तेवढं खरं.

रेतीघाट: वायरलेस-मोबाइल काऊन करून रायले? पाठलागच बंद करा. रेतीचा टिप्पर पुढं, पोलीस मांगं, अन् मधात माह्या काकाची बैलगाडी. एक बैल जागीच गेला. पंचनामा झाला, भरपाईचा रुपया नाही. ऐन पेरणीत दुसरा बैल कुठून आणावं?

देवळीकर: मग रेती चोरू द्यायची? नदी उपसली म्हणून आमच्या काठच्या विहिरी आटल्या. त्याचा पंचनामा कोण करते?

रेतीघाट: विहिरीचं माह्या काकाले सांगता? टिप्पर आमचा होता काय? चोरीचा माल घाटावर धरा, गावातून शर्यत कायले लावता?

सेमाडोह: यांचं बरोबर आहे. टिप्पराचा नंबर कळला तर मालक उद्याही सापडते.

देवळीकर: नंबरपाटीवर चिखल फासलेला असते, भाऊ! बरं, गावातून पळवू नये, हे मान्य करतो. पण वडील सांगत, गाडीतल्याच्या डोक्यात रग चढते, त्याला थांबायचं सुचत नाही. थांबवायचं कंट्रोलमध्ये बसलेल्यानं. "पाठलाग सोडा" हे एकदा म्हटलं की चारही गाड्यांना ऐकू जाते. फोनवर एक थांबेल, तीन धावतच राहतील.

रेतीघाट: हे पटलं. पण त्या दिवशी गाडीत वायरलेस होता. गावातून गाडी गेली तवा त्याचा आवाज आम्ही ओट्यावरून ऐकला. सोडा म्हणणारं कोणी नव्हतं.